मोठ्या माणसांचं मराठी बोलणं 'मोजताना' – माझा अनुभव

नाशिकला सातपूर-अंबडच्या कंपन्यांत यूपी-बिहारची बरीच मंडळी आहेत, त्यातल्या काहींना मी रविवारी कामापुरतं मराठी शिकवते. बॅच संपताना वर्ग चालवणाऱ्यांनी फॉर्म दिला, बोलण्याचे रकाने तीनच, चांगलं, बरं, कच्चं. आता यात काय कप्पाळ भरणार?

मग सीईएफआरचे तक्ते काढून बसले. भाषा कितपत येते ते ठरवायची, काउन्सिल ऑफ युरोपनं २००१ मधे आणलेली चौकट, ए वन या सुरुवातीच्या पायरीपासून सी टू या सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत, जर्मन शिकणाऱ्यांना माहितीये. त्यात काय येत नाही यापेक्षा काय जमतं ते लिहितात, आणि शब्दांचा आवाका, अचूकपणा, ओघ, समोरच्याशी देवघेव, वाक्यांची सांधेजोड हे सगळं वेगवेगळं बघतात. ए वनला तर समोरचा सावकाश बोलेल, मदत करेल हे धरलेलंच असतं. २०२० च्या आवृत्तीत त्याच्याही खाली एक पायरी आहे, मला ती बऱ्याचदा वापरावी लागली.

प्रत्येकाला विचारून मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. एका दादांनी नाव-गाव-काम असं धडाधड सांगितलं की वाटलं हे तर ए टू. मधेच विचारलं, काल सुट्टी होती ना, काय केलंत? गाडी ठप्प. बऱ्याच वेळानं, "काल... घर... भाऊला फोन केला." त्यांच्यानंतर एक ताई, आवाज बारीक, "पाणी आला नाही" असं सगळं हिंदी वळणाचं, पण माझा प्रश्न कळला नाही तर सरळ "परत सांगा ना" म्हणाल्या आणि मग टँकरवरून शेजारणीशी झालेलं भांडण मोडकंतोडकं का होईना पण पूर्ण सांगितलं. चुका मोजल्या असत्या तर दादा पुढे गेले असते, माझ्या मते ताई पुढे आहेत.

रेकॉर्डिंग परत ऐकणं कंटाळवाणं आहे पण कुठला शब्द त्यांचा आणि कुठला आपण पुरवलेला हे तेव्हाच कळतं. दादांचं शेवटी असं लिहिलं: पाठ वाक्यं सफाईदार, अचानक प्रश्नाला सुटे शब्द आणि मोठे थांबे, तरी अर्थ पोचतो. हिंदी शब्द घातला म्हणून कुणाला खाली ढकललं नाही, नाशकात आपण तरी कुठे शुद्ध बोलतो.

एवढं कोण वाचणार म्हणून थोडी कुरकुर झाली, मग रकाने ठेवून खाली दोन ओळी लिहायच्या असं ठरलं. पुढच्या बॅचचं पहिल्याच रविवारी रेकॉर्डिंग करून ठेवणारे, म्हणजे नंतर फरक तरी दाखवता येईल.