सिस्सूला गोठलेली काच चोर्ला घाटात पडली

चोर्ला घाट उतरताना आईच्या बाजूची काच खट्ट आवाज करून दाराच्या पोटात गेली आणि परत वर आलीच नाही. बाहेर जुलैचा पाऊस. धबधब्याचा आवाज ऐकायला म्हणून तिने चार बोटं काच खाली घेतली होती, तेवढंच निमित्त. बटण दाबलं की आत मोटर फिरायची, काच मात्र ढिम्म. घाटाखालच्या केरी गावापर्यंतचा उतार आईने छत्री दाराला आडवी लावून काढला. डावा खांदा, पदर, मांडीवरची ओटीची पिशवी, सगळं निथळत होतं आणि ती मला म्हणत होती, ‘‘तू रस्त्याकडे बघ.’’

आम्ही कोल्हापूरहून गोव्यातल्या कवळ्याच्या शांतादुर्गेला निघालो होतो. निपाणी, बेळगाव, जांबोटी, कणकुंबी यातलं सांगण्यासारखं काहीच नाही. माझ्यासाठी प्रवास सुरू झाला तो केरीत, रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या गॅरेजसमोर.

साठीचे मिस्त्री होते. गाडीकडे न बघता आधी त्यांनी आईकडे बघितलं आणि घराच्या दिशेने हाक मारली. त्यांची बायको टॉवेल घेऊनच बाहेर आली. ‘‘आधी आत या. गाडी कुठे पळत नाही.’’ पाच मिनिटांत आई चुलीजवळच्या पाटावर बसली होती, अंगावर त्यांची कोरडी साडी, हातात उकड्या तांदळाच्या पेजेचा वाडगा आणि बाजूला तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं. मासेबंदीचे दिवस, म्हणून सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूरही होती. देवीला जायचंय म्हणून आईने ती घेतली नाही, मी दोनदा घेतली. गोव्यात मी हॉटेलांत राहिले आहे, समुद्राकडे तोंड असलेल्या खोल्यांचे पैसे मोजले आहेत. तिथे माझी अशी विचारपूस कुणी केल्याचं आठवत नाही.

मिस्त्रींनी तोवर दाराचा पॅड उतरवला होता. खाणीच्या ट्रकांवर काम करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, नंतर सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, तेव्हापासून ते मिळेल त्या गाडीचं काम करतात. दारात हात घालून त्यांनी एक पांढरी प्लास्टिकची क्लिप काढली. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, मधोमध तुटलेली. ती तळहातावर घेऊन त्यांनी मला दिव्याखाली बोलावलं.

‘‘बाय, ही सगळी आज तुटलेली न्हय. हे बघ.’’

मी बघितलं. तुटलेल्या कडेचा एक भाग स्वच्छ पांढरा होता, दुधाचा दात पडल्यावर दिसतो तसा. उरलेला भाग काळपट, त्यात धूळ आणि ग्रीस मुरलेलं. ‘‘काळं ते जुनं. पांढरं ते आजचं. कधीतरी जोर लावलेला काचेला. कुठे?’’

त्यांनी विचारताक्षणी मला ती सकाळ आठवली.

जानेवारीत आम्ही मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलमध्ये, सिस्सूला गेलो होतो. हा नऊ किलोमीटरचा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, त्यामुळे रोहतांग खिंड बर्फाखाली असतानाही आता आमच्यासारखे लोक तिथे पोचतात. आदल्या संध्याकाळी काचांवरचं बर्फ वितळून पाणी ओघळत होतं. मी गाडी तशीच ओली लावून झोपले. रात्री ते पाणी काच आणि रबराच्या फटीत गोठलं. सकाळी मनालीला परतताना पोलिसाने काहीतरी विचारायला हात केला, मी घाईत आईच्या बाजूच्या काचेचं बटण दाबलं. काच हलली नाही. परत दाबलं, धरून ठेवलं. आतून ‘कर्र’ असा आवाज आला. दुपारी उन्हात काच व्यवस्थित खाली-वर झाली आणि मी तो आवाज विसरले.

मिस्त्रींनी कधी गोठलेली काच बघितलेली नव्हती. केरीत हिवाळ्यात पहाटे शेकोटी पेटते, पण बर्फ कुठून? तरीही माझं ऐकता ऐकता त्यांना सगळं कळत गेलं. रबराने काच धरून ठेवली, मोटर वायर ओढत राहिली आणि दोघांच्या ओढाताणीत मधली प्लास्टिकची क्लिप तडकली. ‘‘मोटर काय थांबते? तिला काय माहीत काच अडकली ती?’’ मग सहा महिने ती क्लिप अर्ध्या अंगावर काच पेलत राहिली. त्यात आमच्याकडची धूळ, वर पावसाचा चिखल, काच सरकते ते चॅनेल जाम झालं, काच जड झाली.

मला वाईट याचं वाटलं की करायचं काय हे त्या सकाळी मला सांगणारा माणूस समोर होता. सिस्सूला जिथे उतरलो होतो तिथले मालक. शेजारच्या गाडीवाल्याने काचेवर ओतायला उकळत्या पाण्याची किटली आणली, ती त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतली. थंडगार काचेवर गरम पाणी पडलं तर ती तडकते. त्यांनी त्याला गाडी चालू करून हीटर लावायला आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायला सांगितलं. मग तळहाताने काचेच्या कडेकडेने हलक्या थापा द्यायला लावल्या, म्हणजे बर्फाची पकड सुटते. आणि सैल झाल्याशिवाय बटणाला हात नाही. रात्री गाडी लावताना रबरं कोरड्या फडक्याने पुसायची, थंडीत जाण्याआधी त्यांना सिलिकॉन स्प्रे मारायचा. तेल किंवा ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. हे सगळं मी चहाचा कप हातात धरून उभी राहून ऐकलं होतं, दुसऱ्याच्या गाडीबद्दल आहे असं समजून.

नवी क्लिप केरीत मिळणार नव्हती. कोल्हापुरात एकदा काच जड जाते म्हणून विचारलं होतं, तेव्हा एका गॅरेजने दार न उघडताच काचेचं पूर्ण मशीन बदलायला सांगितलं होतं. मिस्त्री मागच्या आवारात गेले, भंगारातल्या दुसऱ्याच कुठल्या गाडीच्या दारातून एक क्लिप घेऊन आले. ती थोडी जाड होती. पावसाच्या आवाजात ते अर्धा तास कानशीने ती घासत बसले, दर दोन मिनिटांनी लावून बघत. मग कापडाने चॅनेलमधला तांबडा गाळ बोटा-बोटाने काढला. काच वर गेली तेव्हा त्यांनी बटणावर माझंच बोट ठेवायला लावलं होतं. साडेतीनशे रुपये घेतले. मी पाचशे देत होते, त्यांनी दीडशे परत हातात ठेवले.

कवळ्याला दर्शन छान झालं. केळशीहून सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या काळात, इथे आणलेली ही देवी, तिच्यासमोर आई बराच वेळ बसली. फोंड्यात दोन रात्री राहिलो. मंगेशीला गर्दी होती, मला गर्दीत देव भेटत नाही.

फोंड्यात आईचं लक्ष एकाच गोष्टीत होतं. भिजलेली साडी घालून निघायला नको म्हणून ती मिस्त्रींच्या बायकोची साडी नेसूनच आली होती, टॉवेलही चुकून पिशवीत आला होता. दोन्ही तिने पहिल्याच रात्री धुतलं. गोव्याच्या जुलैत काही म्हणता काही वाळत नाही. पंख्याखाली, खुर्चीच्या पाठीवर, शेवटी लॉजवाल्याकडून इस्त्री मागून तिने ते एकेक घडी करून वाळवलं.

परतताना मुद्दाम साखळीवरून केरीला आलो. गॅरेजला कुलूप होतं, घर उघडं होतं. आईने घडी पुढे केली, वर देवीच्या ओटीतला नारळ. ‘‘एवढ्यासाठी वाट वाकडी केलीत?’’ म्हणत त्या आत गेल्या आणि कागदात बांधलेली आमसुलं घेऊन आल्या. मागून मिस्त्री जेवणाचे हात पुसत बाहेर आले, सरळ गाडीपाशी गेले आणि आईला म्हणाले, ‘‘आई, तुम्ही दाबा.’’

आईने काच खाली घेतली, वर घेतली. त्यांनी कान दाराला लावला होता.

‘‘परत,’’ ते म्हणाले.