आमचा बॅन्जो, त्यांचा बेंजो

इंदुरात कुणाला ब्लूग्रासचा (म्हणजे तारवाद्यांवरच्या अमेरिकन लोकसंगीताचा) बॅण्ड काढायचा असेल तर आधीच सांगते: बाहेरून येणाऱ्या पार्सलवर नुसतं ‘बॅन्जो’ लिहू देऊ नका. माझे तेवीस दिवस त्यात गेले.

माणसं जमायला आठवडा पुरला. राजेंद्रनगरचे एक काका भावगीतांना व्हायोलिनची साथ करतात, त्यांचे मित्र मॅन्डोलिनवर जुनी सिनेमाची गाणी वाजवतात आणि गिटारला माझा भाचा. बॅन्जो मी शिकणार होते, पण पाच तारांचा काही इथे मिळेना. शेवटी अमेरिकेतल्या दिराने जुना विकत घेऊन कुरिअरने धाडला.

तो कस्टम्सला अडकला. वस्तूचं वर्णन हवं म्हणाले, म्हणून मी कुरिअरच्या इथल्या ऑफिसात गेले. आपल्याकडे बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, टाइपरायटरसारख्या बटणांचा, वरातीत वाजतो तो. काउंटरवरच्या मुलाने मला न विचारताच तेच भरलं. चार दिवसांनी फोन: “मॅडम, फोटो में बटन तो हैं ही नहीं.” पुन्हा गेले. या खेपेला दुसरे साहेब. त्यांनी फोटोतला गोल पांढरा पडदा पाहून ‘डफ’ ठरवून टाकला. डफ म्हणजे चामडं, चामडं म्हणजे वेगळा कागद. अहो, हे मायलर आहे, प्लास्टिक! “लिखकर दीजिए.”

मग मीही इरेला पेटले. दोन पानी पत्र लिहिलं. बॅन्जोवादक अर्ल स्क्रग्स डिसेंबर १९४५ मध्ये ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो याच्या बॅण्डमध्ये आला आणि त्याच्या तीन बोटांच्या वादनाने या संगीताचा बाजच ठरला, इथपर्यंत सगळं. साहेबांनी पान उलटून पाहिलं आणि विचारलं, सहीखाली तारीख कुठाय? तारीख घातली, तर लाकूड कुठलं हा नवा प्रश्न. रोझवुड म्हटल्यावर चेहरे आणखी लांबले. रात्री बसून शोधलं: ब्राझीलचं रोझवुड सोडलं तर तयार वाद्यांना सायटिसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्यातून नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे. दांडी मेपलची, पट्टी भारतीय रोझवुडची, पडदा प्लास्टिकचा, वीज नाही, बटणं नाहीत. एका पानावर फोटो चिकटवून बाण काढून दिले. दोन दिवसांत सुटला! म्हणजे इतिहास कुणाला नको असतो, बाण हवे असतात. ड्यूटी किती पडली ते इथे लिहीत नाही, घरचेही हे वाचतील.

खोकं उघडलं तर ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती घोडी, सुटून तळाशी पडलेला. मी रडायचीच बाकी होते. तुम्ही घाबरू नका, बॅन्जोचा ब्रिज चिकटवलेला नसतोच, तारांच्या दाबाने उभा राहतो. नटपासून (दांडीच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) दांडीवरच्या बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढंच पुढे ठेवायचा.

हो, व्हायोलिनचं राहिलंच. आमचे काका मांडी घालून, सा-प-सा-प असं लावून वाजवतात. ब्लूग्रासमध्ये सूर पाश्चात्त्य पद्धतीने, जी-डी-ए-ई असे लावावे लागतात. मॅन्डोलिनचेही तेच, त्यामुळे दोघे एकमेकांचं पाहून शिकले. उभं राहून वाजवायला मात्र काकांनी महिनाभर नकार दिला, कंबर म्हणे. बॅन्जोची आखूड पाचवी तार त्यांना लगेच कळली: “अगं, ही तर सतारीची चिकारी!” खरंच तसंच आहे, एकाच सुराची तार, अंगठ्याने मधूनमधून छेडायची, आमची पेटीच्या पांढरी पाचच्या सुरात असते. बोटांत नख्या सतारीच्या मिजराबीसारख्याच चढवतात, पण तीन, आणि पहिले पंधरा दिवस त्या उडून सोफ्याखाली जातात.

तबलजी मित्र असेल तर त्याला आधीच नीट सांगा. या बॅण्डात तालवाद्य नसतं, मॅन्डोलिन दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला तारा दाबून सूर कच्चकन तोडतं, तोच ताल. आमच्याला उशिरा कळलं, अजून धड बोलत नाही.

पहिला कार्यक्रम कॉलनीच्या गणपतीत केला. एकाच माइकभोवती चौघं, आरतीनंतर दोन गाणी. फळ्यावर आमचं नाव होतं ‘बेंजो पार्टी’. उतरलो तर एक गृहस्थ वरातीचा रेट विचारायला उभे. मी खुलासा करणार, तोवर काकांनी रेट सांगूनही टाकला होता.