तलावातले मासे पहाटेच का मरतात

मे महिना आला की आमच्या साकोलीकडच्या मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावांत पाणी कुठं कमरेएवढं तर कुठं गुडघ्याएवढं उरते, आणि मग एखाद्या सकाळी रोहू-कतला सगळे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. दुपारपर्यंत काठाला मेलेल्या माशांचा थर. गावात लगेच चर्चा सुरू, कोणीतरी औषध टाकलं म्हणून. टाकतही असतील कुठं कुठं, नाही म्हणत नाही. पण रात्रभर सगळं ठीक अन् पहाटेच हे झालं असेल तर आधी ऑक्सिजनवर संशय घ्यावा.

बऱ्याच लोकांना वाटते मासा पाणी फोडून त्यातला ऑक्सिजन काढतो. तसं नाही, पाण्यात जो हवेतला विरघळलेला असतो तोच तो घेतो, आणि तो लय कमी असतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास, पाणी ३५ अंशांवर गेलं की ७. दिवसा शेवाळ ऑक्सिजन बनवते, रात्री तेच शेवाळ तो खाते, म्हणून सगळ्यात तुटवडा सूर्य निघायच्या जरा आधी.

एवढ्याशा ऑक्सिजनवर मासा जगतो ते कल्ल्यांमुळे. बाजारात मासा ताजा आहे का बघायला आपण गालावरचं झाकण उचलतो ना, तेव्हा जरा नीट बघा. एका बाजूला चार कमानी, प्रत्येकीवर फणीच्या दातांसारखे लाल तंतू दोन ओळींत, आणि त्या तंतूंवर डोळ्याला न दिसणारे बारीक पापुद्रे. खरी गंमत पापुद्र्यांत आहे, पाणी एकीकडून जाते आणि रक्त बरोबर उलट्या दिशेनं, त्यामुळं पाण्यातला ऑक्सिजन कमी होत गेला तरी समोर येणाऱ्या रक्तात तो त्याहून कमीच असतो, म्हणून शेवटपर्यंत ओढणं चालू. काही मासे असा ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेतात! बाहेर काढलं की मात्र हेच तंतू एकमेकांना चिकटतात आणि भोवती हवाच हवा असून मासा गुदमरतो.

मरळ, मांगूर, शिंगी यांचं वेगळंच. मांगूरला कल्ल्यांच्या वर झाडासारखा फांद्या फुटलेला अवयव असतो, शिंगीला पार शेपटीकडे गेलेल्या हवेच्या दोन पिशव्या, आणि मरळला डोक्यात हवेची पोकळी. बाजारात टोपल्यात चुळकाभर पाण्यात वळवळत असतात ते त्यामुळंच. आमच्याकडचे एक ढिवर काका जाळं ओढताना पोरावर ओरडत होते, "अबे मरळ खाली अटकली तं मरते ना, काढ लवकर!" पोरगा म्हणे, "पान्यात कायची मरते बा?" मरते. मोठ्या मरळला वर येऊन हवेचा घोट घेताच आला नाही तर ती पाण्यातच बुडून मरते.

मच्छीमार सोसायटीवाले आता उन्हाळ्यात तलावात शेणखत टाकत नाहीत, ते कुजायलाही ऑक्सिजनच लागते. आणि पहाटे पंप लावून तलावाचंच पाणी उंचावरून परत तलावात पाडतात, म्हणजे हवा मिसळते. रात्रीची लाईन राहिली तर.