सोडियमचा हिशोब

अकरावीच्या वार्षिक परीक्षेला आठ दिवस उरले होते. यावल तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात एप्रिलमध्ये उजळणीचा तास सकाळी सातला ठेवावा लागतो. दहानंतर पत्र्याखाली बसवत नाही. त्या दिवशी अणुरचना, आवर्तसारणी आणि रासायनिक बंध असं तिन्ही उरकायचं होतं. सोळा वर्षं तेच शिकवतोय, त्यामुळे तोंड आपोआप चालतं.

पहिले दोन झटपट झाले. आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, उजवीकडे जाताना इलेक्ट्रॉनांचं बाहेरचं कवच तेच राहतं, केंद्रकातले प्रोटॉन वाढतात, म्हणून अणू आक्रसतो; गणात, म्हणजे उभ्या रांगेत, खाली जाताना कवचं वाढतात, अणू फुगतो. पोरं मराठी माध्यमातली. दहावीपर्यंत ‘संयुजा’ म्हणणाऱ्यांना अकरावीत तीच ‘व्हॅलन्सी’ होऊन भेटली की ओळख पटत नाही, म्हणून मी दोन्ही शब्द बोलतो. मधेच वीज गेली, पंखा थांबला. म्हटलं, मेंडेलीव्हने आधीच भाकीत केलेला गॅलियम 1875 मध्ये सापडला, तो 29.8 अंशांना वितळतो, आपल्या कपाटात ठेवला तर मे महिनाभर पातळच राहील. कुणी हसलं नाही.

मग बंधांकडे वळलो आणि ठरलेलं वाक्य टाकलं, ‘‘सोडियमला शेवटचा इलेक्ट्रॉन नकोच असतो, तो खुशीने क्लोरीनला देऊन टाकतो.’’

दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. घरची केळीची बाग, एरवी फार न बोलणारी. ‘‘सर, खुशीने देतो तर तो काढायला आत्ताच तुम्ही फळ्यावर 496 किलोज्यूल ऊर्जा लिहिलीत, ती कशाला लागते?’’

खरंच की. तो आकडा आणि ते वाक्य मी एकाच तासात, एकाच खडूने लिहीत आलो होतो.

‘‘बागेचा हिशोब घरी कोण लिहितं?’’

‘‘मीच.’’

‘‘मग ये इकडे.’’

तिने फळ्यावर रेघ मारून खर्च आणि जमा असे दोन रकाने केले. एक मोल, म्हणजे कणांची एक ठरलेली मोठी संख्या, एवढ्या मिठासाठी मी किलोज्यूलचे आकडे सांगत गेलो. घन सोडियमचे सुटे अणू करायला 107, क्लोरीनच्या रेणूतून अणू सोडवायला 122, सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला 496. खर्च 725. जमेला क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेताना दिलेले 349.

‘‘376 तोटा,’’ ती म्हणाली.

मागून आवाज आला, ‘‘क्लोरीनने भाव पाडला भो!’’ आता मात्र सगळा वर्ग हसला.

मी म्हटलं, अजून माल निघालाच नाही. इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन विद्युतभारित झालेले हे अणू, म्हणजे आयन, सुटे राहत नाहीत. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम अशी जाळी रचली जाते, तेव्हा 787 बाहेर पडतात. तिने वजाबाकी केली. नफा 411. ‘‘म्हणजे रोपं, ठिबक, खत, मजुरी सगळं आधी घालायचं,’’ ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, ‘‘पैसे घड कापल्यावरच.’’

मला वाटलं, संपलं. पण ती जागेवर जाईना. ‘‘सर, मग दोन इलेक्ट्रॉन काढले तर? ओढ वाढेल, जाळीतून जास्त मिळेल.’’

ओढ वाढते, हे तिचं बरोबर होतं. मी खर्चाच्या रकान्यात सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन लिहिला: 4562. तो आतल्या भरलेल्या कवचातला, केंद्रकाच्या जवळचा. दोन क्लोरीन गाठले तरी एवढी वसुली होत नाही. शेजारी मॅग्नेशियम मांडला: 738 आणि 1451. दोन्ही बाहेरच्याच कवचातले, म्हणून झेपतात. ‘‘तिसरा नाही झेपणार,’’ पुढचा एक मुलगा न विचारता बोलला. मग पोटॅशियम निघाला, कारण बागेत टाकतात ते पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. गणात सोडियमच्या खालचा, मोठा अणू, म्हणून पहिला इलेक्ट्रॉन काढायला 419च लागतात. झटपट उरकलेला कल असा पुन्हा आला. तास पावणेदोन तास चालला.

संध्याकाळी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. माझ्या जुन्या नोट्सची मूळ प्रत त्याच्याकडेच असते. पान काढून ‘खुशीने’वर काट मारली.

‘‘सर, काल चाळीस संच काढून ठेवलेत,’’ तो म्हणाला, ‘‘त्यांचं काय करू?’’

मी त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि स्टुलावर बसलो.