पर्जन्यमापक, प्रगती-नोंद ४ : जोडलेला बोर्ड संगणकाला का दिसत नव्हता

मागच्या नोंदीपर्यंत पर्जन्यमापकाचे यांत्रिक काम पूर्ण झाले होते. १६ सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे, त्याखाली दोन कप्प्यांचे झुलते भांडे, भांड्यावर लहान चुंबक आणि शेजारी रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळून गेला की क्षणभर मिटणारा स्विच, अशी मांडणी आहे. नरसाळ्याचे क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणून भांडे ४ मिलिलिटर पाण्याला कलंडावे असे स्क्रू फिरवून बसवले, म्हणजे प्रत्येक कलंडणे ०.२ मिलिमीटर पावसाचे होते. रीड स्विचची मिटणी आर्डुइनो नॅनो हा लहान मायक्रोकंट्रोलर बोर्ड मोजतो आणि दर वेळी एक ओळ यूएसबी केबलवरून संगणकाला पाठवतो. मोजणी आणि ओळ पाठवणे हे दोन्ही टेबलावर व्यवस्थित चालले होते.

पावसाळ्यात सतत चालू ठेवता यावा म्हणून एक जुना लॅपटॉप या कामासाठी मोकळा केला, त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली नव्याने बसवली आणि तो खिडकीशी मांडला. बोर्ड जोडला, त्यावरचा लाल दिवा लागला, पण आर्डुइनोच्या प्रोग्राममधील पोर्टची यादी रिकामीच राहिली. ही नोंद त्या रिकाम्या यादीमागची कारणे शोधण्यात गेलेल्या चार संध्याकाळींची आहे. कारणे एकाहून अधिक निघाली आणि ती एकाखाली एक दडलेली होती, म्हणून क्रम तपशिलाने लिहीत आहे.

पहिली संध्याकाळ केबलमध्ये गेली. बोर्डावरचा दिवा लागतो म्हणजे जोडणी ठीक आहे, हा माझा समज चुकीचा होता. यूएसबी २ च्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात : ५ व्होल्टची तार, जमिनीची तार आणि माहिती वाहणाऱ्या दोन तारा. दिवा पहिल्या दोन तारांवरच लागतो. संगणकाला मात्र काही जोडले गेल्याचे कळते ते माहितीच्या तारेवरून. नॅनोसारख्या उपकरणात यूएसबीची चिप डी-प्लस या तारेला दीड किलोओहमच्या रोधामार्फत ३.३ व्होल्टकडे ओढून धरते, आणि ती तार वर गेलेली दिसली की संगणक चौकशी सुरू करतो. माहितीच्या तारा केबलमध्ये नसतील तर उपकरण वीज घेत राहील आणि संगणकाच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसेल.

खिडकीपर्यंत पोहोचावी म्हणून मी खोक्यातली एक लांब केबल काढली होती. टर्मिनलमध्ये कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी चालू ठेवून, म्हणजे डीमेसेजची आज्ञा डब्ल्यू या पर्यायासह देऊन, केबल तीन वेळा काढली आणि लावली, तरी एकही नवी ओळ उमटली नाही. ही पूर्ण शांतता हाच महत्त्वाचा पुरावा आहे. ड्रायव्हर नसता, परवानगी नसती किंवा चिप नीट उत्तर देत नसती तरी, तार वर गेल्याबरोबर निदान नवे उपकरण आढळल्याची किंवा त्याचे वर्णन वाचता न आल्याची ओळ आली असती. टेबलावर वापरलेली जुनी, आखूड केबल लावताच ओळी उमटल्या. लांब केबल नंतर मधोमध कापून पाहिली, तेव्हा आत फक्त लाल आणि काळी तार निघाली. ती केवळ चार्जिंगची केबल होती. आता माहिती वाहणाऱ्या प्रत्येक केबलला मी टोकाशी पांढरी पट्टी गुंडाळून ठेवली आहे.

केबल बदलल्यावर एलएसयूएसबी या आज्ञेच्या यादीत १ए८६:७५२३ हा क्रमांक दिसू लागला. पहिला भाग उत्पादकाचा आणि दुसरा वस्तूचा असतो. ही जोडी बोर्डाची सिरियल जोडणी यूएसबीत बदलणाऱ्या सीएच३४० या चिपची आहे, जी स्वस्त नॅनोंवर सर्वत्र आढळते. आपल्या बोर्डावर कोणती चिप आहे हे भिंगातून वाचून ठेवावे, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर अवलंबून असते : ०४०३:६००१ दिसले तर एफटीडीआयची एफटी२३२, १०सी४:ईए६० दिसले तर सीपी२१०२, आणि ०६७बी:२३०३ दिसले तर प्रोलिफिकची पीएल२३०३. सीएच३४० चा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच सीएच३४१ या नावाने असतो आणि वेगळा बसवावा लागत नाही.

म्हणजे चिप दिसत होती, ड्रायव्हर होता, आणि तरीही टीटीवाययूएसबी० हे पोर्ट तयार झालेले नव्हते. येथे माझी दुसरी चूक झाली. उबुंटूमध्ये सिरियल पोर्ट वापरण्यासाठी वापरकर्ता डायलआउट या गटात असावा लागतो, हे लक्षात असल्याने मी स्वतःला त्या गटात घातले, लॉग-आउट करून पुन्हा आलो, मग संगणक पुन्हा सुरू केला, आणि तोच प्रकार वेगवेगळ्या क्रमाने करत दुसरी संध्याकाळ संपवली. गटाचे काम आवश्यक होतेच, परंतु त्याचे लक्षण वेगळे असते. परवानगी नसेल तेव्हा पोर्ट यादीत दिसते आणि ते उघडताना नकार मिळतो. येथे पोर्टच नव्हते. जी वस्तू नाही तिच्या परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही, हे मी आधी ध्यानात घ्यायला हवे होते.

तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा कर्नलच्या नोंदींकडे वळलो आणि या वेळी केबल लावल्यानंतरची प्रत्येक ओळ तिच्या वेळेसह वाचली. आधी सीएच३४१ कन्व्हर्टर आढळल्याची ओळ होती. त्यानंतर तो टीटीवाययूएसबी० ला जोडल्याची ओळ होती. म्हणजे पोर्ट तयार होत होते! त्यापाठोपाठ, सुमारे सेकंदाच्या आतच, अशा आशयाची ओळ होती की बीआरएलटीटीवाय या नावाचा प्रोग्राम उपकरणाची मांडणी ठरवू पाहत आहे आणि त्याचा इंटरफेस मात्र सीएच३४१ च्या ताब्यात आहे. आणि शेवटची ओळ कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी० पासून तोडला गेल्याची होती. मी यादी उघडेपर्यंत पोर्ट येऊन गेलेले असे.

बीआरएलटीटीवाय हा अंध वापरकर्त्यांसाठीचा प्रोग्राम आहे. पडद्यावरचा मजकूर तो ब्रेल पट्टीवर उमटवतो, आणि अंध व्यक्तीला पट्टी लावताच, काहीही न शोधता, ती चालू झालेली मिळावी म्हणून युडेव्हच्या, म्हणजे उपकरण जोडताच काय करायचे ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेच्या, नियमांत ओळखीच्या उपकरणांचे क्रमांक नोंदवलेले असतात. त्यांपैकी एका ब्रेल यंत्रात सिरियल जोडणीसाठी हीच सीएच३४० चिप वापरलेली आहे आणि तिचा क्रमांकही चिपच्या उत्पादकाने दिलेलाच, म्हणजे १ए८६:७५२३ असाच, ठेवलेला आहे. त्यामुळे उबुंटू २२.०४ मध्ये नॅनो लावला की नियमाला ते ब्रेल यंत्र वाटते, प्रोग्राम जागा होतो आणि उपकरण कर्नलच्या ड्रायव्हरकडून काढून घेतो. बोर्ड, ड्रायव्हर आणि तो प्रोग्राम, तिघेही आपापले काम बरोबर करत होते. क्रमांक तेवढा सामाईक होता.

यावर सर्वत्र सांगितला जाणारा उपाय म्हणजे बीआरएलटीटीवाय काढून टाकणे. लॅपटॉप केवळ आपला असेल तर त्यात काही बिघडत नाही. मात्र शाळेच्या प्रयोगशाळेतील किंवा वाचनालयातील सामाईक संगणकावर कोणीही असे करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण एखाद्या अंध विद्यार्थ्याचा संगणकाशी असलेला संपर्कच त्यामुळे तुटतो, आणि तो का तुटला हे त्याला पडद्यावर वाचून समजण्याचा मार्गही उरत नाही. मी दुसरा मार्ग घेतला. यूएसआर-लिब शाखेतील युडेव्हच्या नियमांमध्ये ८५-बीआरएलटीटीवाय या नावाची फाइल असते. तिची त्याच नावाची प्रत ईटीसी शाखेतील युडेव्हच्या नियमांच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि त्या प्रतीत १ए८६/७५२३ असलेल्या ओळीच्या आरंभी # हे चिन्ह घातले. एकाच नावाच्या दोन फाइल असतील तर ईटीसीमधली ग्राह्य धरली जाते, त्यामुळे पॅकेज पुढे अद्ययावत झाले तरी बदल टिकून राहतो. बाकीच्या ब्रेल यंत्रांच्या ओळी जशाच्या तशा राहिल्या. नियम पुन्हा वाचवून घेतले, केबल काढून लावली, आणि टीटीवाययूएसबी० आले ते स्थिर राहिले.

पोर्ट आल्यावर माहिती खरोखर दोन्ही दिशांनी जाते का, हे बोर्डावरच्या प्रोग्रामवर विसंबून न राहता तपासले. नॅनोची रीसेट पिन जमिनीला जोडली, म्हणजे मुख्य चिप गप्प राहते, आणि डी० व डी१ या सिरियल माहिती घेण्याच्या व पाठवण्याच्या पिना एकमेकींना जोडल्या. आता टर्मिनलमधून टाइप केलेले प्रत्येक अक्षर सीएच३४० मधून बाहेर जाऊन परत आले पाहिजे, आणि ते आले. ज्यांचे पोर्ट दिसते पण बोर्ड उत्तर देत नाही, त्यांनी ही चाचणी सर्वांत आधी करावी. दोष यूएसबीच्या बाजूला आहे की मुख्य चिपच्या, हे दोन मिनिटांत कळते.

त्यानंतर प्रोग्राम चढवताना एव्हीआरड्यूडने, म्हणजे तो बोर्डावर पोहोचवणाऱ्या साधनाने, ताळमेळ होत नसल्याची तक्रार केली. येथे फार वेळ गेला नाही : माझ्या नॅनोमध्ये जुना बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम, आहे, जो ५७६०० च्या वेगाने बोलतो, आणि प्रोग्राममध्ये नव्याचा, ११५२०० चा पर्याय निवडलेला होता. प्रोसेसरच्या यादीतून जुना बूटलोडर निवडताच काम झाले.

चौथ्या संध्याकाळी एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. लॅपटॉपवरील नोंद ठेवणारा प्रोग्राम थांबवून पुन्हा सुरू केला की नॅनोची मोजणी शून्यावर जात होती. पोर्ट उघडले जाताच डीटीआर ही सिरियल जोडणीतील संकेताची रेषा खाली येते आणि १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेटला धक्का बसतो. प्रोग्राम चढवणे सोयीचे व्हावे म्हणून ही रचना मुद्दाम केलेली असते. पर्जन्यमापकाला ती मारक आहे, कारण रीसेटनंतर बूटलोडर वाट पाहत असताना जोरदार सरीत एखादे कलंडणे मोजायचे राहून जाऊ शकते. रीसेट आणि जमीन यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, त्याचे धन टोक रीसेटकडे, आणि धक्का शोषला जाऊ लागला. प्रोग्राम चढवायचा असेल तेव्हा मात्र तो काढावा लागतो, म्हणून तो पिनांवर बसवला आहे, डाग देऊन पक्का केलेला नाही.

पोर्टच्या नावाबद्दलही लिहून ठेवतो. उद्या दुसरे उपकरण आधी जोडले गेले तर टीटीवाययूएसबी० हे नाव त्याला मिळेल. सीएच३४० ला स्वतःचा अनुक्रमांक नसल्याने असे दोन बोर्ड ओळखीवरून वेगळे करता येत नाहीत. म्हणून नोंदीच्या प्रोग्रामला मी यूएसबीच्या भौतिक जागेवरून ठरणारे, बाय-पाथ फोल्डरमधले नाव दिले आहे आणि लॅपटॉपच्या डाव्या बाजूचे मागचे छिद्र नॅनोसाठी राखून ठेवले आहे.

आज सकाळी ८:३० ला, भारतीय हवामान विभाग दिवसाचा पाऊस ज्या वेळी मोजतो त्याच वेळी, पहिली पूर्ण चोवीस तासांची बेरीज घेतली. ६४ कलंडणी, म्हणजे १२.८ मिलिमीटर. भांड्यातून खाली पडलेले पाणी बाटलीत साठवले होते ते २६१ मिलिलिटर भरले, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर. फरक दीड ते दोन टक्क्यांचा आहे. जोरदार सरीत भांडे उलटत असतानाही नरसाळ्यातून पाणी पडतच असते, ते या फरकाचे कारण असावे, असे वाटते. पुढचे काम मापक गच्चीवर नेण्याचे आहे. तेथपर्यंतची तार सुमारे १४ मीटर होईल आणि यूएसबीची केबल ५ मीटरपलीकडे भरवशाची नाही, त्यामुळे लांब अंतरासाठीच्या आरएस-४८५ या सिरियल जोडणीचे दोन मॉड्यूल आणि पिळाच्या तारांची जोडी आणून ठेवली आहे.