काठ दिसतोय म्हणून

दिवाळीच्या सुटीत मी सोलापूरच्या मुलांना उजनी धरणाच्या फुगवट्यावर शिडाची बोट शिकवतो. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरातली ही पोरं. एवढं पाणी बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच बघितलेलं असतं. पालक मात्र ठामपणे सांगतात, "पोहता येतं त्याला, काळजी नाही." गेल्या सुटीपर्यंत मीही मनातून तेच धरून चालत होतो.

आमची बोट म्हणजे ऑप्टिमिस्ट. 1947 साली क्लार्क मिल्सनं फ्लोरिडात मुलांसाठीच आखलेली. 2.36 मीटर लांब, 35 किलो वजन, एकच शीड. पहिल्या दिवशी ती पाण्यात जातच नाही. गवतावर बसून पोरं टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हलवतात, कारण टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते आणि हे हाताला पटायला वेळ लागतो. शीड ओढायच्या दोराचं तर त्याहून अवघड. वाऱ्याचा झोत आला की घाबरलेलं पोर मूठ आवळतं, शीड ताणलं जातं आणि बोट आडवी होते. म्हणून पहिला धडा हाच: भीती वाटली की दोर सोड.

दुसरा धडा बोट उलटवण्याचा. आम्ही ती मुद्दाम उलटवतो. डॅगरबोर्डावर, म्हणजे बोटीच्या तळातून खाली जाणाऱ्या फळीवर, उभं राहायचं, कडेला धरून मागं रेलायचं. बोट सरळ झाली की मागच्या बाजूनं आत चढून पाणी उपसायचं. जमलं नाही तर धरून थांबायचं. आतल्या हवेच्या पिशव्यांमुळे बोट बुडत नाही, आणि तिचं पांढरं बूड लांबूनही दिसतं. माणसाचं डोकं मात्र लाटांत नारळाएवढं. बोट सोडायची नाही, हे मी दिवसातून दहादा सांगतो.

त्या दिवशी दुपारी वारा वाढला आणि दोन बोटी पाठोपाठ उलटल्या. एका बोटीत आठवीतली मुलगी होती, जेमतेम हातपाय मारणारी. तिनं बूड धरलं आणि शिट्टी वाजवली. दुसऱ्या बोटीत आमचा सगळ्यात तयार पोहणारा, मोहोळकडच्या विहिरीत शिकलेला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी मुलीकडे गेलो.

वळून बघतो तर त्याची बोट एकटीच. तो काठाकडे निघालेला.

काठ दोनशे मीटरवर असेल. पाण्यावरून तो जवळ वाटतो. त्याचं लाइफ जॅकेट मोठ्या माणसाच्या मापाचं, पायांतून घ्यायचा पट्टा नाही. ते हनुवटीवर चढत होतं म्हणून त्यानं बकल काढलेलं. ज्यांनी ही जॅकेटं पुरवली त्यांना मी आधीच लेखी कळवलं होतं, उत्तर आलं, "पट्टे आवळून घ्या." खांदाच एवढासा, तर पट्टा आवळून होणार काय? मे 2024 मध्ये याच पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. त्यानंतरही अशी उत्तरं येतात, याचा मला संताप आहे.

इंजिनच्या होडीवरचे भोई मामा काही न बोलता वळले. पोराला वर ओढलं तेव्हा ओठ निळे पडले होते, डाव्या मुठीत जॅकेटाचा पट्टा होता आणि ती मूठ उघडत नव्हती.

"बोट का सोडलीस रे?"

"काठ दिसत होता की, सर."

विहिरीत कुठूनही आठ-दहा हात मारले की पायरी येते. दमलेल्या अंगानं, समोरून लाटा घेत पोहायची वेळ तिथं येत नाही. मी फॉर्मवर 'पोहता येतं' एवढंच वाचलं होतं. आता त्या रकान्याशेजारी 'कुठं शिकलास?' असा रकाना घातलाय, आणि लहान मापाची जॅकेटं मिळेपर्यंत पुढची तुकडी थांबवलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या वडिलांना विचारून त्याला पुन्हा पाण्यात नेलं. मापाचं जॅकेट एकच होतं, ते त्याला घातलं. काठापासून वीस मीटरवर बोट उलटवली आणि म्हटलं, मी सांगेपर्यंत धरून थांब. मी शेजारीच पाण्यात होतो. दहा मिनिटं तो थांबला. नजर मात्र सगळा वेळ काठावर.