रोमकरांस पहिल्या अध्यायावर थांबू नका

आजच्या शास्त्राभ्यासात बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं, रोमकरांस १:२६-२७, हे समलिंगी संबंधांना दोष देणारं वचन वाचलं आणि तिथेच थांबलो. गडबड इथेच होते. मूळ पत्रात अध्याय नव्हतेच. पौलाचा मुद्दा थेट २:१ मध्ये, दुसऱ्याला दोष लावणाऱ्यापर्यंत जातो. मधल्या पापांच्या यादीत लोभ, चहाडी, गर्वही आहेत. चहाडीसाठी मंडळीत (चर्चमध्ये) कुणाला वेगळं बसवत नाहीत.

कॅथलिक धर्मशिक्षण (परिच्छेद २३५७-५९) समलिंगी कृतीला पाप मानतं, कल असण्याला नाही. अन्यायी भेदभाव नको, असंही सांगतं. काही प्रोटेस्टंट मंडळ्या समलिंगी विवाहही लावतात.

पश्चात्ताप म्हणजे खेद, कबुली, पाप सोडण्याचा निश्चय, जमेल तिथे भरपाई. कल बदलण्याची हमी त्यात नाही. तसा प्रयत्न करणारी एक्झोडस इंटरनॅशनल ही ख्रिस्ती संस्था २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली. पाळकांनी समुपदेशनाला बसण्याआधी हे वाचायलाच हवं.